शिडाची घडी

आमच्या घरात समुद्राशी नातं सांगणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे देवघरातला शंख. तोही माझ्या वडिलांनी रामेश्वरहून आणलेला आणि वाजवता कुणालाच न येणारा. बाकी आम्ही अस्सल मराठवाड्यातली माणसं. पाणी म्हटलं की आम्हाला लाटा आठवत नाहीत, नळ आता कोणत्या वारी येणार ते आठवतं. अशा घरात गेल्या मे महिन्यात चक्क एक शीड येऊन पडलं, त्याची ही हकिकत.

झालं असं. धाकटी लेक आम्ही गोव्याला दिली. ती पणजीत राहते. तिचा मुलगा, माझा नातू, आता सोळा वर्षांचा आहे. त्याला दोन-तीन वर्षांपासून विंडसर्फिंगचं वेड लागलंय. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दारासारखी एक लांब फळी पाण्यावर तरंगते, तिच्यावर आपण उभं राहायचं, फळीवर रोवलेलं शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वारा नेईल तसं नाही, तर आपल्याला हवं तिकडे जायचं. सुकाणू नाही. शीड पुढे कललं की फळी एकीकडे वळते, मागे कललं की दुसरीकडे. मी पहिल्यांदा दोना पावलाच्या किनाऱ्यावर उभा राहून हे पाहिलं तेव्हा मला सर्कशीतल्या तारेवरच्या माणसाची आठवण झाली. त्याच्या हातात काठी असते, याच्या हातात पाच-साडेपाच चौरस मीटरचं कापड.

एप्रिल महिन्यात एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की रडून झालेलं आहे. नातू पाण्यात गेला होता. किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर असताना शीड फळीपासून सुटलं. ओहोटी लागलेली. शीड एकीकडे, पोरगं एकीकडे. तो फळीवर पालथा पडून राहिला आणि हात हलवत राहिला. तासाभराने मासे धरून परतणाऱ्या एका होडीने त्याला उचललं, पुढे जाऊन शीडही गळ टाकून ओढून घेतलं. त्या ओढाओढीत शीड हातभर फाटलं. पोराला काही झालं नाही. नुसतं थंडीने काकडला होता आणि आईसमोर गप्प बसून होता.

तो तासभर माझी लेक किनाऱ्यावर उभी होती. "बाबा, तो मला दिसत होता आणि मग दिसेनासा झाला," एवढंच ती परत परत सांगत होती. मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. पालकांची समजूत घालणं हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग होता. पण त्या दिवशी मला तिला सांगण्यासारखं एक वाक्य सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं की हा खेळ बंद. नातवाने जेवण टाकलं. जावई दोघांच्या मध्ये. शेवटी तडजोड निघाली ती अशी: पावसाळ्यात समुद्र तसाही बंदच असतो, तर सुट्टीत त्याने आबांकडे जावं, शीड स्वतः दुरुस्त करून घ्यावं, काय तुटलं आणि का तुटलं हे आबांना नीट समजावून सांगावं. आबांची खात्री पटली तर पाऊस संपल्यावर बघू. म्हणजे परीक्षा त्याची आणि परीक्षक मी... आणि विषयाचं ज्ञान शून्य! (अशा परीक्षा मी नोकरीत असतानाही पुष्कळ घेतल्या, ती गोष्ट वेगळी.)

तर मे महिन्यात एका सकाळी सहा वाजता ट्रॅव्हल्सच्या बसमधून चिरंजीव उतरले. पाठीला सॅक आणि खांद्यावर जवळजवळ माझ्या उंचीची एक लांबुळकी पिशवी. बसमधल्या एका बाईंनी गालिचा केवढ्याला घेतला म्हणून विचारलं म्हणे. रिक्षात ती पिशवी मावेना. अर्धी बाहेर काढून, मी तिच्यावर हात ठेवून, असे आम्ही सिडकोत घरी पोचलो.

त्याच दिवशी माझ्या हातून पहिली चूक झाली. पोरगं रात्रभराच्या प्रवासाने झोपलं होतं. मी म्हटलं, खाऱ्या पाण्यातली वस्तू आहे, जरा स्वच्छ करून ठेवू. गच्चीवर नेऊन शीड उलगडलं. कपड्याच्या साबणाने घासलं, बादलीभर पाणी ओतलं (आमच्याकडे बादलीभर पाणी ओतणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना कळेल) आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर दुपारच्या उन्हात पसरून दिलं. बेचाळीस अंशाचं ऊन. झकास वाळेल म्हणून मी खूश. वारा सुटला, शीड फाडफाड वाजायला लागलं, तेही मला छान वाटलं, गच्चीवर झेंडा लावल्यासारखं.

नातू उठून वर आला आणि दारातच थबकला. ओरडला नाही. "आबा," तो म्हणाला, "याला सगळ्यात जास्त कशाने त्रास होतो माहितीये? उन्हाने आणि फडफडण्याने."

मग आम्ही दोघांनी ते उतरवून जिन्याच्या सावलीत नेलं आणि तिथे बसून माझा पहिला पाठ झाला. मला वाटत होतं शीड म्हणजे कापड. तसं ते नाही. डोलकाठी जिच्यातून ओवतात ती पुढची लांब खोळ आहे विणलेल्या पॉलिएस्टरची, पण मधला बराचसा भाग काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या फिल्मचा असतो. पॉलिएस्टरचीच, पण विणलेली नव्हे. काही ठिकाणी दोन फिल्मच्या मध्ये दोऱ्यांची जाळी घातलेली. ही फिल्म ताणाला फार पक्की. वाऱ्याने ती फुटत नाही. पण उन्हातले अतिनील किरण तिला आतून खातात. आधी पिवळी पडते, मग ठिसूळ होते आणि मग एक दिवस गुडघा जरी टेकला तरी पापडासारखी मोडते. फडफडण्याने तेच होतं, कारण प्रत्येक फडफडीला ती त्याच त्याच जागी दुमडते. तारेचा तुकडा आपण मागेपुढे वाकवून तोडतो ना, तसं. म्हणून किनाऱ्यावर शीड जोडून उघड्या वाऱ्यात सोडून जायचं नाही. पाण्यातून बाहेर आलं की ताण सैल करायचा, गोड्या पाण्याने मीठ आणि वाळू धुवायची, सावलीत वाळवायचं आणि गुंडाळून पिशवीत. बंद गाडीत तर कधीच ठेवायचं नाही. साबणाची गरजच नव्हती. माझी बादली वाया गेली.

"आणि घडी नाही घालायची," तो म्हणाला. "वरच्या टोकापासून खालपर्यंत सरळ गुंडाळायचं. घडी घातली की तिथे पांढरी रेघ उमटते आणि तीच पुढे फाटते."

हे मात्र मला सांगायची गरज नव्हती. आमच्या शाळेत भिंतीवरचे नकाशे होते, मागे कापड लावलेले, वर-खाली काठ्या. गुंडाळी करून कपाटावर ठेवायचे. एका वर्षी कुणीतरी महाराष्ट्राच्या नकाशाच्या काठ्या काढून त्याची घडी घातली आणि ती नेमकी गोदावरीवर आली. दोन वर्षांत नकाशाचे दोन तुकडे झाले. वरचा महाराष्ट्र आणि खालचा महाराष्ट्र. नदी कुठे गेली म्हणून मुलं विचारायची. तेव्हा घडी आणि गुंडाळी यातला फरक मला त्याच्या जन्माआधीपासून ठाऊक होता. निदान मी तसं समजत होतो.

दुपारी ऊन असेपर्यंत बाहेर पडायची सोय नाही, म्हणून आमचे तास पंख्याखाली चालायचे. मला मूळ कारणात रस. शीड फाटलं ते नंतर, आधी सुटलं का? त्याने सॅकमधून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. जाड रबरासारखा एक ठोकळा, अंगठ्यापेक्षा जाड, मधोमध तुटलेला. डोलकाठीचा बुंधा आणि फळी यांना जोडणारा सांधा तो हाच. सगळ्या बाजूंना वाकतो, गोल फिरतो. याच्याविना विंडसर्फिंग नाही.

आणि खरंच, या खेळाचा सगळा इतिहास त्या सांध्याचाच आहे. इतिहास शिकवलेला माणूस मी, नातवाच्या संगणकावर बसून दोन दुपारी तेच वाचलं. होडीची डोलकाठी हजारो वर्षं ताठ रोवलेली. ती मोकळी सोडायची, सर्व दिशांना कलू द्यायची, ही कल्पना माणसाला सुचली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६५ साली आपल्या शिडाच्या फळीबद्दल मासिकात लेख लिहिला, पण पेटंट घेतलं नाही. कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यातले ड्रेक विमानांचे इंजिनिअर. पुढे या पेटंटवरून खटले चालले आणि इंग्लंडच्या अपील कोर्टात वेगळंच निघालं. पीटर चिल्व्हर्स नावाच्या माणसाने १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, हेलिंग बेटाजवळ प्लायवूडचा तुकडा, तंबूचं कापड, एक काठी आणि पडद्याच्या कड्या वापरून असलंच काहीतरी बनवून पाण्यात चालवलं होतं. ब्रिटनमधलं पेटंट रद्द झालं. १९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्येही जाऊन बसला. बारा वर्षांचं पोर आणि पडद्याच्या कड्या! मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा कुणी ऐकली नाही.

असो. तर तो रबराचा तुकडा मी उजेडात धरून पाहिला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग स्वच्छ आणि ताजा, निम्मा काळपट, मळलेला. म्हणजे निम्मा तडा जुना. कित्येक आठवड्यांपूर्वीचा. मी विचारलं, "हे आधी दिसलं असतं का?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वाकवून बघितलं असतं तर दिसलं असतं."

"किती वेळ लागतो वाकवून बघायला?"

"अर्धा मिनिट."

या सांध्याला जोडीला एक पट्टाही असतो, रबर तुटलंच तर शीड फळीला धरून ठेवणारा. तो याच्या जुन्या, कुणाकडून तरी विकत घेतलेल्या सामानात झिजून दोऱ्यावर आलेला होता. तोही दिसत होता. सगळं दिसत होतं. वारा छान होता म्हणून पोरांना पाण्यात जायची घाई. मी काही बोललो नाही. त्या मळक्या अर्ध्या भागाकडे बघून माझ्याच पोटात खड्डा पडला होता. शिकवण्याच्या कामात एक गोष्ट मला उशिरा कळली. मुलाला चूक स्वतःला दिसली की मास्तरने तिथे थांबावं. बोलत राहिलं की मुलाचं लक्ष चुकीवरून उडून मास्तरवर जातं.

एक गोष्ट मात्र त्याने बरोबर केली होती आणि ती मी त्याला मोठ्याने सांगितली. शिडामागे पोहत गेला नाही, फळी सोडली नाही. फळी तरंगते, माणूस दमतो. दिलीप दोंदे यांची गोष्ट मी त्याला सांगितली. त्याला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत निघाली. नौदलाचे कमांडर दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला शिडाने प्रदक्षिणा घालून मे २०१० मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' बांधली गेली गोव्यातच, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. त्यानंतर अभिलाष टॉमी कुठेही न थांबता तीच प्रदक्षिणा करून आले. २०१८ साली हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात टॉमींच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. सुटका होईपर्यंत ते होडीतच पडून राहिले. नातू म्हणाला, "आबा, एकटा माणूस असला की मेकॅनिक पण तोच असतो." सोळा वर्षांच्या पोराच्या मानाने बरं बोलला.

आता शीड शिवायचं कुठे? गोव्यात असती तर सोय झाली असती, पण अट 'आबांकडे' अशी होती. मी विचार केला, ताडपत्री. मोंढ्यात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे बसतात. त्यातल्या एका चाचांना मी ओळखतो, त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. चाचांची शिलाई मशीन म्हणजे आमच्या घरातल्या मशीनची पणजी. त्यांनी शीड दुकानासमोर ओट्यावर पसरलं, फाटलेल्या जागी बोट फिरवलं, फिल्म नखाने टकटक वाजवली आणि नातवाकडे बघून म्हणाले, "बेटा, इसको सीधी सुई मत लगाना. जित्ते छेद, उत्ती फाट."

बघा, त्या माणसाने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. पण पोस्टाच्या तिकिटाला भोकं का पाडतात हे ज्याला कळतं त्याला हे कळतं. फिल्म कापडासारखी नसते. कापडातून सुई धाग्यांच्या मधून जाते, फिल्ममध्ये ती भोकच पाडते, आणि ओळीने भोकं पाडली की ती फाडायची रेघच आखून दिल्यासारखी होते. नातवाकडे शिडासाठीची चिकटपट्टी होती, थोडं डेक्रॉन कापडही. चाचांनी पद्धत ठरवली. आधी स्पिरिटने पुसून मीठ, तेल, हाताचा घाम सगळं काढायचं. फाटलेल्या कडा एकमेकींना अगदी भिडवून, शीड सपाट ताणून, दोन्ही बाजूंनी पट्टी. पट्टीचे कोपरे गोल कापायचे. टोकदार कोपरा आधी सुटतो. त्यावर कापडाची रुंद पट्टी चिकटवून तिच्या कडांवरून नागमोडी शिलाई, टाके लांब लांब, म्हणजे ताण एका ओळीत येणार नाही. कोपरे गोल कापायचं नातवाला ठाऊक होतं, पण का ते चाचांनी सांगितलं. ट्रकवाल्यांच्या ताडपत्रीचं ठिगळ चाळीस वर्षं कोपऱ्यातूनच सुटतंय म्हणाले.

तीन तास लागले. पट्टी जरा तिरकी बसली. चाचांनी पैसे घ्यायला नकार दिला, मग निम्मे घेतले. नातवाला विचारलं, ये लेके पानी पे खडा रहता? पोरगं लाजून हो म्हणालं. "अल्ला," म्हणाले आणि पुढची ताडपत्री ओढली.

आता मूळ विषय सोडून थोडं सांगतो. खरं तर मूळ विषय हाच आहे की काय, असं मला हल्ली वाटतं.

शीड पुसायला मऊ सुती कापड हवं होतं. जुनं मलमल आमच्या ट्रंकेत असणार. ही ट्रंक हिची. ही जाऊन आता सहा वर्षं होतील. तिच्या मागे साड्या लेकींनी, सुनेने वाटून घेतल्या. पैठणी मात्र मी कुणाला दिली नाही. वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे आले तेव्हा आम्ही दोघं एसटीने पैठणला जाऊन ती आणली होती. गर्द जांभळी, पदरावर मोर, काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा. तेव्हा घरात पंखे दोनच होते आणि मी म्हटलं होतं तिसरा घेऊ. ती गेल्यावर ती साडी मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीत डांबराच्या चार गोळ्या टाकल्या, ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि कुलूप लावलं. कुणी हात लावायचा नाही म्हणून घरात सांगून ठेवलं. मीही लावला नाही.

सहा वर्षांनी ती पिशवी उघडली. जर काळवंडली होती. साडी उचलायला गेलो तर घडीच्या रेघेवर रेशीम सुटलं. फाटलं नाही, सुटलं... कोरड्या पानासारखं. एका घडीवर, मग दुसऱ्या घडीवर. मी ती तशीच मांडीवर घेऊन बसलो.

ही हयात असताना वर्षातून तीन-चारदा पैठणी बाहेर काढायची. नेसायला नव्हे. पलंगावर पसरायची, तासभर सावलीत वारा लागू द्यायची आणि पुन्हा घडी घालताना आधीची मोडून वेगळीच घालायची. मग मलमलमध्ये गुंडाळून ठेवायची. प्लॅस्टिक नाही, गोळ्या नाहीत. मी पेपर वाचत बसलेलो असायचो. मला तो बायकांचा चाळा वाटायचा. एकदा तर मी म्हणालो होतो, नेसत नाहीस तर काढतेस कशाला. तिने काय उत्तर दिलं होतं ते मला आठवत नाही. बहुधा दिलं नसेल.

नातू ट्रंकेपाशी येऊन उभा राहिला. त्याने साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आजी गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. "आबा, ही पण गुंडाळायची असते का?" त्याने विचारलं.

मी काही बोलू शकलो नाही. तो उठून गेला. संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पाइपचा साडेचार फुटी तुकडा कापून घेऊन आला. पाइप धुतला, पुसला, त्यावर मलमलचे दोन वेढे घातले. मग आम्ही दोघांनी, तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, पैठणी सावकाश गुंडाळली. मध्ये मध्ये मलमल घालत. सुरकुती आली की तो थांबायचा, मागे उलगडायचा, पुन्हा सरळ करायचा. शिडाचा हात होता तो. घाई करणारं पोर, ज्याने रबर वाकवून पाहिलं नव्हतं, ते साडीची एकेक वीत बघत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला जुन्या शहरातल्या एका रफूगाराकडे नेली. त्यांनी स्पष्ट सांगितलं की जिथे रेशीमच मेलंय तिथे रफू धरणार नाही, मागून मऊ रेशमी अस्तर लावून टाक्यांनी तोलून धरता येईल, पण आता नेसता येणार नाही. आम्ही अस्तर लावून घेतलं. लेकीला मी हे फोनवर सांगितलं. गोळ्या आणि पिशवीसुद्धा सांगितली. ती म्हणाली, "बाबा, मी मागितली होती ना तुम्हाला." मागितली होती, खरं आहे.

मुक्कामाच्या शेवटच्या चार दिवसांत आम्ही वही केली. शंभर पानी, रेघांची. वर मी 'तपासणी' असं लिहिलं. मजकूर त्याचा, शुद्धलेखन माझं. पाण्यात जाण्यापूर्वी काय काय बघायचं ते सगळं. सांध्याचं रबर चारही बाजूंना वाकवून तडा बघायचा, आणि तडा नसला तरी ते बदलायची तारीख लिहून ठेवायची. पट्टा. ताणायच्या दोऱ्या कप्पीत घासून कुठे केसाळल्यात का. डोलकाठी दोन तुकड्यांची असते, तिच्या जोडात वाळूचा कण राहता कामा नये. राहिला तर जोड अडकतो किंवा काठीला आतून चीर देतो. काठी कार्बनची असेल तर तिच्या अंगावरचा ओरखडा हलका समजायचा नाही. ती लांबीला वाकायला पक्की, पण एका जागी ठोका बसला की तिथून जाते. शिडावर लिहिलेल्या मापाएवढाच ताण द्यायचा, आणि आधी खालचा, मग मागचा. कमी ताण म्हणजे फडफड. पडलो तर शिडावर गुडघा किंवा कमरेचा आकडा टेकवायचा नाही. शीड पाण्यातून उचलताना हिसका द्यायचा नाही, आधी वरचं पाणी निथळू द्यायचं. त्या पाण्याचं वजन काठीने आणि शिडानेच पेललेलं असतं.

प्रत्येक पानाखाली मी सहीसाठी जागा सोडली. त्याची सही आणि तारीख. पालकांची सही असाही एक रकाना आखला होता. तो त्याने माझ्यासमोर खोडला नाही, पण लेकीने नंतर सांगितलं की तो रकाना रिकामाच आहे आणि तिनेच तसा ठेवायला सांगितला. रोज सही करायची म्हणजे रोज त्याला जा म्हणायचं. ते मला जमणार नाही म्हणाली. वही भरलेली दिसली की पुरे.

जाण्याआधी एक दिवस त्याला नाथसागर दाखवायला नेलं. मे महिन्यातलं खाली गेलेलं पाणी, तरी पलीकडचा काठ दिसत नव्हता. धरणाच्या भिंतीवर वारा असा की माझी टोपी उडाली. पोराचे डोळे चमकले. "आबा, इथे कुणी करत नाही?" मी म्हटलं, हे पक्षी अभयारण्य आहे, फ्लेमिंगो येतात, त्यांच्या अंगावर तू शीड घेऊन जायचं नाहीस. पण मनात मात्र आलं की भोपाळला कुठे समुद्र आहे? त्या तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्य आणलं. हे मी त्याला बोललो नाही. परीक्षकाने इतकं मोकळं होऊ नये.

ऑक्टोबर संपता संपता गोव्याचा समुद्र निवळला. एका शनिवारी दुपारी फोन आला. "आबा, वाचू?" त्याने वही वाचायला सुरुवात केली. मी इकडे खुर्चीत सरसावून बसलो. रबर नवीन, तारीख अमुक. पट्टा नवीन. दोऱ्या, एक बदलली. जोडात वाळू नाही, पुसून लावलं. मी मध्येच विचारलं, "चाचांची पट्टी?" तो म्हणाला, एक कोपरा किंचित उचललाय, परत चिकटवला. मी विचारलं, "गोल कोपरा?" "हो, गोलच." मग थोडा वेळ दोघंही गप्प. मागे लेकीचा आवाज येत होता, भांडी आवरल्याचा. मी म्हटलं, "जा."

त्यानंतरचे दोन तास मी काय केलं ते सांगत नाही.

संध्याकाळी लेकीने फोटो पाठवला. किनाऱ्यावरून काढलेला, लांबचा. नातू त्यात ओळखू येत नाही, नुसता एक काळा ठिपका. पण शीड स्पष्ट दिसतं, उजेड आरपार येणारं, आणि त्याच्या मधोमध ती पांढरी पट्टी, जरा तिरकी.